काचेवरचे गाव

खेड्याचा इतिहास बहुधा परक्यांच्या दप्तरांत सापडतो. जमीनदाराच्या खंडवहीत, धर्मोपदेशकाच्या नोंदींत, न्यायालयाच्या हुकमांत गावाचे नाव येते. गावकऱ्यांचा स्वतःचा शब्द मात्र क्वचितच येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखातील क्रोइक येथील चर्च याला अपवाद आहे. थॉमस टेल्फर्ड या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १८२७ मध्ये बांधलेल्या या साध्या दगडी वास्तूच्या पूर्वेकडील खिडकीच्या शंकरपाळी काचांवर बाहेरच्या बाजूने काही ओळी ओरखडलेल्या आहेत. ग्लेनकॅल्व्ही या शेजारच्या खोऱ्यातील वस्तीने स्वहस्ते लिहून ठेवलेला इतिहास जवळजवळ एवढाच होय.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या मुलुखात कुळे उठवून मेंढ्यांची विस्तीर्ण कुरणे करण्याचे सत्र सुरू झाले होते. कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळीच्या मक्त्यातून जमीनदाराला अधिक उत्पन्न मिळे. कायद्याने कूळ हे केवळ मर्जीचे धनी. गेलिक भाषकांच्या मनात मात्र 'दूहखस' ही कल्पना दृढ होती: पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने भूमीशी जडलेला, कागदावर नसलेला हक्क. मराठी वाचकाला येथे मिरासदारीचे स्मरण होईल. परंतु मिराशीला दप्तरात नोंद असे, 'दूहखस'ला केवळ स्मृतीचा आधार होता.

१८४२ मध्ये जमीनदाराच्या कारभाऱ्याने पाठविलेल्या नोटिसा ग्लेनकॅल्व्हीच्या स्त्रियांनी अडवून जाळल्या. हा प्रतिकार तीन वर्षे पुरला. १८४५ च्या मे महिन्यात १८ कुटुंबांना खोरे सोडावे लागले. सुमारे ऐंशी-नव्वद माणसांनी, त्यांत लहान मुलेही होती, क्रोइकच्या दफनभूमीत घोंगड्या व कापडाचे आडोसे उभारून आसरा घेतला. पवित्र वास्तूत बिऱ्हाड थाटणे त्यांना अनुचित वाटले, असे सांगितले जाते. लंडनच्या 'टाइम्स'चा वार्ताहर तेथे पोहोचला आणि ही हकीकत साऱ्या इंग्लंडने वाचली. काचेवरील मजकूर तेव्हा बहुतेकांच्या वाचनात येण्याजोगा नव्हता.

हा मजकूर अल्प आहे. ग्लेनकॅल्व्हीचे लोक २४ मे १८४५ रोजी येथे होते, एवढेच एक ओळ सांगते. विशेष हे की, गेलिक बोलणाऱ्या माणसांनी ती इंग्रजीत लिहिली. शाळेत लेखनाची भाषा म्हणून बव्हंशी इंग्रजीच शिकविली जाई. शिवाय वाचणारा परका असणार, हेही लिहिणाऱ्याने जाणले असावे. 'लोक' या अनेकवचनी कर्त्यापुढे क्रियापद एकवचनी आले आहे. ही व्याकरणाची चूक त्या हाताची खूण बनली आहे.

दुसरी ओळ अधिक अस्वस्थ करणारी आहे. तीत ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांपुढे 'दुष्ट पिढी' हे शब्द आहेत; क्रियापद नाही. बायबलमधून आलेला हा शब्दप्रयोग सामान्यतः आत्मारोप म्हणून वाचला जातो. आपल्या पापांमुळेच हे संकट ओढवले, अशी त्या धर्मनिष्ठ मनांची समजूत होती. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच दोष स्वतःकडे घ्यावा, यात उच्छेदाची परिसीमा दिसते. भूमी गेल्यावर गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकारही गेला. तथापि क्रियापदाच्या अभावी दोषी पिढी कोणती, हा प्रश्न त्या काचेवर अनिर्णीत राहतो. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

१८८६ च्या कायद्याने डोंगराळ मुलुखातील लहान कुळांना जमिनीवरील ताब्याची हमी मिळाली. ग्लेनकॅल्व्ही रिकामे होऊन तोवर ४१ वर्षे लोटली होती. गावाचा वारसा म्हणजे वाडे, मंदिरे आणि शिलालेख, असे आपण मानतो. शिलालेख राजसत्तेचे असतात आणि ते टिकावेत अशाच हेतूने कोरले जातात. सहज फुटणाऱ्या काचेवर लिहिणाऱ्यांना तशी आशा असेल, असे वाटत नाही. तरीही ज्या खोऱ्यात घरे उरली नाहीत, त्याच्या रहिवाशांचे अस्तित्व ही काचच सांगत राहिली आहे.