पश्चिमेची भिंत

मुळशीत राहणाऱ्याला ओल नवी नाही. ताम्हिणीला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पुणे शहरात वर्षभराचा साडेसातशेच्या आसपास. त्यामुळे मुलीच्या खोलीत कपाटामागे काळे ठिपके दिसले, तेव्हा ‘पावसाळ्यात व्हायचंच’ म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या सगळ्या चुका त्यातूनच निघाल्या.

ठिपक्यांचा पट्टा झाल्यावर मी कोरड्या ब्रशने भिंत खरवडली. पंखा चालू, मुलगी पलंगावर खेळत बसलेली. खरवडलेली बुरशी हवेत उडते, गादी-पांघरुणात बसते, हे मला ठाऊक नव्हतं. रात्रभर मुलगी खोकत होती. दिवाळीला मी भिंतीवर रंग चढवला. पुढच्या आषाढात पोपडे सुटले आणि खालून तोच काळा पट्टा वर आला.

सर्वांत मोठी चूक त्यानंतरची. भिंतीला ब्लीच लावलं, ते कमी पडतंय असं वाटून वर संडास धुण्याचं ॲसिड टाकलं. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद. या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. घसा जळायला लागला तसा मी धावत बाहेर आलो. मुलगी तेव्हा शाळेत होती, हे नशीब. त्याचं श्रेय मला नाही.

मुलीचा खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी औषधाआधी विचारलं, ‘मूल झोपतं त्या खोलीत ओल आहे का?’ घरातल्या ओलीमुळे दमा आणि श्वासाचे विकार बळावतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे दगावला. ते वाचून मी फार हादरलो.

खरं कारण भिंतीबाहेर होतं. आमच्या भागात पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून झडप बांधतात. घर नवं केल्यावर वाईट दिसते म्हणून मीच ती काढून टाकली होती. त्यात ओले कपडे त्याच खोलीत वाळत, आणि कपाट भिंतीला चिकटून. जुन्या माणसांचं ऐकायला हवं होतं.

झडप पुन्हा बांधली, भेगा बुजवल्या. मुलीला माजघरात झोपवलं. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घालून भिंत आधी ओली केली, साबणाच्या पाण्याने घासली, पुसून पूर्ण कोरडी केली. बुरशी धरलेली गादी आणि फुगलेलं प्लायवूड टाकून दिलं. तसल्या वस्तूंच्या आत शिरलेली बुरशी निघत नाही. खिडक्या उघडतो त्या उघडिपीला. भर पावसात उघडल्या तर ओलच आत येते. डाग साधारण दहा चौरस फुटांपेक्षा मोठा असता, तर मी हात लावला नसता, जाणकार बोलावला असता.

मुलाच्या खोलीतलं कपाट आजच वीतभर पुढे ओढून मागे बघा. काळं दिसलं, तर आधी मुलाची झोपायची सोय दुसरीकडे करा, मग पाणी कुठून येतंय ते शोधा. आणि ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका.