हायड्रोजन फ्लोराइड : उशिरा दुखणारं ॲसिड

ॲसिड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेक संडास-बाथरूम धुवायची बाटली. अंगावर पडलं की लगेच चटका, लगेच फोड. शिकत असताना माझ्याही मनात हेच चित्र होतं. हायड्रोजन फ्लोराइडबद्दल वाचलं आणि ते पुसलं गेलं.

हा रंगहीन, नाकात झोंबणारा वायू. तो १९.५ अंश सेल्सियसलाच उकळतो. पाण्यात विरघळला की त्याचं हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं. फ्रीज-एसीतले गॅस बनवायला, काचेवर नक्षी कोरायला, कॉम्प्युटरच्या चिप्स तयार करायला ते लागतं.

रसायनशास्त्राच्या हिशेबात हे 'सौम्य' ॲसिड. नावावर जाऊ नका! पाण्यात त्याचे रेणू फारसे फुटत नाहीत आणि असा अख्खा रेणू कातडीतून आरामात आत झिरपतो. आत गेल्यावर सुटं झालेलं फ्लोराइड कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट धरतं. हृदयाचे ठोके नीट पडायला हेच क्षार लागतात. रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरलं तर हृदय बंद पडू शकतं. पातळ द्रावण अंगावर पडलं तर कित्येक तास काही दुखतच नाही. मग वरून कातडी जेमतेम लाल आणि आत असह्य ठणका. पेशंटला वाटतं, एवढ्याशा डागासाठी डॉक्टरकडे काय जायचं?

दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २७ सप्टेंबर २०१२ रोजी एका कारखान्यात टँकर रिकामा करताना हा वायू गळला. पाच माणसं दगावली. आजूबाजूच्या गावांतली पिकं करपली, आणि हजारो लोकांना दवाखाना गाठावा लागला.

तुमचा कारखान्याशी संबंध नसेलही. पण गंजाचे डाग काढायच्या काही द्रावणांत हे ॲसिड असतं, आणि लिथियम बॅटरी पेटली की तिच्या धुरातही हा वायू असतो. जळणाऱ्या स्कूटरजवळ मोबाईलवर व्हिडिओ काढत उभं राहू नका.

अंगावर पडलंच तर कपडे काढा आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. जिथे हे ॲसिड वापरलं जातं तिथे ते हाताशी असायला हवं, नसेल तर मालकाकडे मागा. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटलला जाच, कारण फुफ्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. जाताना बाटलीच्या लेबलचा फोटो घ्या. नुसतं "ॲसिड पडलं" एवढं सांगितलंत, तर कॅल्शियम द्यायचं हे आम्हाला सुचेलच असं नाही.