खात्रीची गाडी



दशलक्षण पर्वात नणंदबाईंनी फोनवर सरळ विचारलं, "वहिनी, सकाळी उत्तम क्षमेची पूजा आणि दुपारी आपल्याच समाजातल्या माणसाविरुद्ध तक्रार, हे जुळतं कसं?" हाच प्रश्न नंतर मंदिरात, लग्नात, हळदीकुंकवाला इतक्या जणींनी विचारला की आज सविस्तरच लिहिते.

आधी हकिकत. अलोऱ्यात गाडी हौसेसाठी लागत नाही. सासूबाईंना डेरवणच्या रुग्णालयात वरचेवर न्यावं लागतं, आणि आमच्याकडच्या पावसात एसटीसाठी उभं राहणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. माझी पोस्टातली ठेव पुरी झाली होती. त्यात थोडी भर घालून 3 लाख 40 हजारांची जुनी गाडी घाटावरच्या एका डीलरकडून घेतली, माझ्या नावावर. डीलर जैन. दुकानात पार्श्वनाथ भगवंतांचा फोटो, समोर ताजी फुलं. तरी व्यवहाराआधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट विचारलं होतं, की गाडी कधी पुरात बुडाली होती का? 2019 आणि 2021 ला सांगली-कोल्हापुराकडे केवढं पाणी आलं होतं, ते माहेरी पाहिलेलं. उत्तर आलं, "नाही ताई, खात्रीची गाडी आहे."

पहिल्याच पावसाळ्यात वायपर आपोआप चालू व्हायला लागले. मग दिवे. मग एका संध्याकाळी डेरवणहून येताना बहादूरशेख नाक्यावर गाडी जी बंद पडली ती पडलीच. सासूबाई मागच्या सीटवर णमोकार म्हणत बसल्या होत्या.

ओढून नेलेली गाडी पाहायला चिपळूणचा मेकॅनिक मिळाला, हे आमचं भाग्य. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून तिथल्या कारागिरांना बुडालेली गाडी ओळखायला यंत्र लागत नाही. त्याने पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी कोणी ओढत नाही, त्या टोकाच्या भागावर मातकट डाग होता. स्टेपनी उचलली, तर खाली कोपऱ्यात मऊ गाळ. सीटखालचे बोल्ट गंजलेले, वायरींच्या जोडांवर हिरवट थर. "ताई, ही पोहून आलेली गाडी आहे," तो म्हणाला. मैत्रिणींनो, जुनी गाडी बघायला जाल तेव्हा पट्टा ओढून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. आरसीवरून आम्ही आधीच्या मालकाला गाठलं. त्यांनी बिचाऱ्यांनी लपवलं नाही. 2021 च्या पुरात गाडी बुडाली, विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून पैसे दिले, असं त्यांनी लिहून दिलं.

डीलरने आधी पावती दाखवली: "जशी आहे तशी विकली." मग म्हणाले, इलेक्ट्रिकलचं काम आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीला विचारा. याबाबत गोव्यातला एक निकाल मला फार उपयोगी पडला. तिथल्या एका ग्राहकाने 2011 चं मॉडेल म्हणून नवी गाडी घेतली, ती निघाली 2009 ची आणि आधीच काहीशे किलोमीटर चाललेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरने परस्पर केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती असल्याचं दिसलं नाही. डीलरची जबाबदारी मात्र राहिली. म्हणजे ज्याने विकताना सांगितलं, उत्तर त्यानेच द्यायचं. आणि "जशी आहे तशी" म्हटलं तरी विचारल्यावर खोटं सांगायची मुभा मिळत नाही. 1872 च्या करार कायद्यात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं हे कपटातच मोडतं.

यानंतर समाजातल्या एका वडीलधाऱ्यांचा फोन आला. घरातली गोष्ट घरात ठेवा, साधर्मी माणूस आहे, बाईमाणसाने आयोगाच्या पायऱ्या कशाला चढायच्या. त्यांचा हेतू चांगला असेल. पण साधर्मी म्हणून सांभाळून घ्यायचं ते फक्त विकणाऱ्याला का? घेणारीही त्याच मंदिरात जाते.

मी रत्नकरंड श्रावकाचार काढून बसले. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत समंतभद्राचार्यांनी सदृशसन्मिश्र सांगितला आहे. चांगल्यात तसंच दिसणारं हलकं मिसळून विकणं. आपण तो तुपातल्या भेसळीपुरता धरतो. चिपळूणच्या माझ्या श्वेतांबर मैत्रिणीने आणखी एक गोष्ट दाखवली. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात गृहस्थाने टाळायची जी पाच मोठी असत्यं आहेत, त्यांत एक आहे गो-अलीक, म्हणजे गाईबद्दलचं खोटं. थोडं दूध देणारी गाय भरपूर देते म्हणून सांगणं. बाराव्या शतकात बाजारात गाय होती, आज गाडी आहे. (टीकाकारांनी गाईत सगळे चतुष्पाद धरलेत. चार चाकंही बसवायला हरकत नसावी!)

आता क्षमेचं. क्षमा म्हणजे माझ्यातला क्रोध सोडणं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. तो सोडायचं काम माझं, त्याला डीलरची सही लागत नाही. म्हणून तक्रारीचा मसुदा लिहिला, 48 मिनिटांची सामायिक केली, आणि मग परत वाचला. त्यात "लबाड", "ठग", "देवाचा फोटो लावून फसवतात" असं बरंच होतं. ते सगळं काढलं. उरलं ते तारखा, रक्कम, मेसेज, मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि आधीच्या मालकाचं पत्र. मसुदा निम्मा झाला आणि वजनदारही. एवढं नणंदबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग तसं असेल तर कर." पटलं की कंटाळल्या, कोण जाणे.

रीत सोपी आहे, भिऊ नका. आधी रजिस्टर्ड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस दिली. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, म्हणून डीलर घाटावरचा असला तरी आमची तक्रार रत्नागिरीला. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत, ती मात्र चुकवू नका. ऑनलाइनही दाखल करता येते, हल्ली त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात हे धरून चाला. कागदोपत्री मी "तक्रारदार" आणि ते "सामनेवाले" झाले. हे शब्द मला आवडले, त्यांत शिवी नाही.

प्रकरण मध्यस्थीला गेलं. तिथे समोरासमोर बसल्यावर त्यांनी गाडी परत घेऊन, वापराचे 25 हजार वजा करून बाकी रक्कम द्यायचं कबूल केलं. मी मान्य केलं, आणि एक ओळ घालायला सांगितली: ही गाडी पुन्हा विकताना पुरात बुडाल्याचं घेणाऱ्याला लेखी सांगेन. पैशांवर अर्धा तास लागला होता, त्या एका ओळीवर दीड तास. ते म्हणाले, मग गाडी घेणार कोण? मी म्हटलं, सुट्या भागांच्या भावाने कोणीतरी घेईल. बाकी कोणाच्या सासूबाईंना त्यात बसवू नका. शेवटी त्यांनी सही केली.

आरसीचं काम मात्र त्याच आठवड्यात करून घेतलं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना पोर्टलवर फॉर्म 29सी भरला की तो मालक मानला जातो. तो भरल्याची पावती हातात आल्यावरच मी दुसरी किल्ली दिली.