खाज आणि लाज

ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. रक्तदाब वाढला तर थोड्या अभिमानानेही सांगतो. खरूज मात्र पदराखाली झाकावी लागते. जणू तो आजार नसून घराण्याला लागलेला बट्टाच!

आमचे शेत मेहकर तालुक्यात. घरात आम्ही सात माणसे आणि आवारातच राहणारे सालदाराचे पाच जणांचे कुटुंब. सोयाबीनच्या सोंगणीत कोणाची गोधडी कोणाच्या अंगावर जाते, याचा हिशेब राहत नाही. एका दसऱ्याच्या सुमारास सालदाराची धाकटी पोर रात्रभर बोटांच्या बेचक्यांत खाजवू लागली. आठ दिवसांनी आमच्याही घरात तोच कार्यक्रम सुरू झाला. सासूबाईंनी निकाल दिला, "त्या पोरीनंच आणली!" दुसऱ्या दिवसापासून तिची आई ओसरीच्या आत आली नाही. कोणी तिला 'येऊ नको' म्हटले नव्हते. पण गरिबाला न बोललेलेही ऐकू येते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तो निकाल फिरवला. "आजी, खरूज पहिल्यांदाच होते तेव्हा किडा कातडीत शिरल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी होऊन गेली असली तर चार दिवसांतच सुटते. तेव्हा पहिली खाजवणारी तीच आणणारी, असं नसतं."

सासूबाई बोटांवर आठवडे मोजू लागल्या. हिशेब थेट महालक्ष्म्यांपर्यंत गेला. तेव्हा वसतिगृहातून आलेला त्यांचा लाडका नातू याच घरात आठ दिवस निजला होता! त्यानंतर 'कोणी आणली' हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

हा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. इटलीतल्या बोनोमो नावाच्या वैद्याने 1687 साली सूक्ष्मदर्शकातून पाहून त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. दुर्लक्षित हा शब्द किती नेमका आहे!

उपचार सोपा, शिस्त अवघड. एकाच रात्री बाराही जणांनी मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, परमेथ्रिनचे मलम लावायचे, सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा तेच. कपडे गरम पाण्यात. न धुता येणाऱ्या गोधड्या आठवडाभर पिशव्यांत बांधून ठेवायच्या. कारण माणसाच्या अंगाबाहेर तो किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. एकही माणूस वगळला तर साऱ्यांचे कष्ट वाया. मालक आणि सालदार हा भेद त्या मलमाला ठाऊकच नव्हता. किडे मेल्यावरही काही आठवडे खाज राहते, म्हणून मनाने दुकानातली भलतीसलती मलमे फासायची नाहीत, हेही डॉक्टरांनी बजावले.

भीती मात्र मलमाने जात नाही. 2025 च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस भराभर गळू लागले. तो प्रकार संसर्गाचा नव्हता. तरी माणसे त्या गावांना बिचकू लागली. रोगाआधी संशयच पसरतो.

आमच्याकडची खाज महिन्याभरात गेली. सालदाराची बायको ओसरीच्या आत यायला मात्र संक्रांत उजाडावी लागली. तीही तिळगूळ घेऊन सासूबाईच आधी तिच्या दारात गेल्या म्हणून.