कोयता एक, माणसे दोन

रस्त्यावरच्या प्रेमकथेचा रूपबंध चित्रपट-समीक्षेच्या चांगला परिचयाचा आहे. दोन निर्धन, निराधार माणसे, मागे सुटलेले घर, पुढची अनिश्चित वाट आणि त्या वाटेवरच जुळत जाणारे नाते ही त्याची ठळक घटकतत्त्वे होत. या रूपबंधाच्या मुळाशी एक गृहीतक असते : रस्ता म्हणजे सुटका. भटकणारी माणसे दरिद्री असली तरी ती कुणाच्या मालकीची नसतात, आणि म्हणूनच ती एकमेकांची होऊ शकतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या अनुभवावर हे गृहीतक घासून पाहिले की त्याची मर्यादा स्पष्ट होते.

चार्ली चॅप्लिन यांच्या १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये हा रूपबंध त्याच्या निर्मळ स्वरूपात आढळतो. एक बेकार भटक्या आणि एक अनाथ मुलगी मोडक्या फळ्यांच्या खोपटात संसाराचा खेळ मांडतात. काम मिळते आणि सुटते. पोलीस पाठीशी लागतात. अखेरीस ती दोघे पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने चालू लागतात. त्या रस्त्याच्या शेवटी काय आहे हे चित्रपट सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याची आशा आहे.

आष्टी हा बालाघाटाच्या परिसरातला, अवर्षणाची सवय जडलेला तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात आणि हंगाम सरल्यावर उन्हाळ्यात परततात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ही उचल बहुधा जोडप्याला मिळते, कारण तोडणीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. येथे जोडपे हे भावनेचे नाव नसून हिशेबाचे परिमाण आहे. हंगामाच्या तोंडावर कोवळ्या वयात उरकल्या जाणाऱ्या लग्नांची कारणे शोधताना या परिमाणापाशी येऊन थांबावे लागते.

चॅप्लिनची जोडी रस्त्यावर आहे, कारण तिच्याकडे काम नाही. आष्टीची जोडी रस्त्यावर आहे, कारण तिचे काम आधीच विकले गेले आहे. एकीची वाट अनिश्चित, तर दुसरीची परतीसकट ठरलेली. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षीची वाटही आजच ठरते. फडाजवळच्या उघड्या रानात पाचटाची कोपी उभी राहते. ‘मॉडर्न टाइम्स’मधल्या खोपटाशी तिचे बाह्य साम्य आहे, परंतु त्या खोपटात दोघे घर असल्याची कल्पना करतात, तर कोपीतल्या दोघांचे घर खरोखरच आहे आणि ते कुलूपबंद आहे.

आणखी एक भेद जातीच्या व आप्तसंबंधांच्या अंगाने दिसतो. आष्टीहून जामखेड ओलांडून गेले की करमाळा तालुका लागतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) त्या परिसरात चित्रित झाला. आर्ची आणि परशा गाव सोडून हैदराबाद गाठतात, तेथे संसार उभा करतात आणि अखेर गावच त्यांना शोधत तेथे येते. ऊसतोडीच्या रस्त्यावर गावाला असे शोधत यावे लागत नाही. टोळीच्या रूपाने भाऊबंद, मुकादम, मानपान आणि पाळत गाडीतूनच सोबत येतात. प्रणयकथेला आवश्यक असलेला एकांत या प्रवासाच्या रचनेतच नाही.

मग या दोघांची प्रेमकथा संभवतच नाही काय? येथे समीक्षेला दोन सोपे मार्ग मोहात पाडतात. एक, कष्टालाच प्रेम म्हणून गौरवण्याचा : तो तोडतो, ती मोळ्या बांधते, म्हणजे केवढे हे सहजीवन! दुसरा, दुःखाच्या अहवालात दोघांनाही विरघळवून टाकण्याचा. पहिला मार्ग जोडप्यातली विषमता झाकतो. स्वयंपाक, पाणी, लेकरे यांचे श्रम कोयत्याच्या हिशेबात येत नाहीत. दिवस बुडाला तर मात्र खाडा पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा या एककातले एक शरीर कोणती किंमत मोजते हे उघड झाले. दुसरा मार्ग अधिक सहृदय खरा. पण मुकादमाच्या वहीप्रमाणे तोही दोन माणसांना एकच नोंद करून टाकतो.

या दोहोंच्या मधली जागा लहान आहे, पण ती आहे. वाढे विकून सुटे पैसे हाती येतात. ते उचलीच्या खात्याबाहेर राहू शकतात. आठवड्याच्या बाजारात त्यांचे काय करायचे, तिच्यासाठी बांगड्या की त्याच्यासाठी तंबाखू की लेकरासाठी औषध, हा निर्णय दोघांमध्ये घ्यावा लागतो. तो कोण घेतो, कोण गप्प बसते, कोण आपली गरज मागे घेते, कोण ती मागे घेऊ देत नाही, यांत भांडण आहे, लबाडी आहे आणि माया असलीच तर तीही आहे. कोयत्याला आवडनिवड नसते; ती माणसाला असते.

म्हणून आष्टीच्या रस्त्यावरची प्रेमकथा लिहिणाऱ्याला किंवा चित्रित करणाऱ्याला पळून जाणाऱ्या प्रेमिकांचा आयता साचा उपयोगी पडणार नाही. प्रेमकथेत सहसा दोघांचे एक होते. येथे एकाचे दोघे व्हावे लागतील. त्याला स्वतंत्र नाव, तिला स्वतंत्र नाव, आणि तिला नकाराचाही हक्क. तेवढे झाले, की ती दोघे एकमेकांना निवडतात किंवा नाही, हा प्रश्न प्रथमच खरा होईल.