बाहेरचे

"दोघांचं भांडण, बाहेरच्यांनी मधे पडू नये." हे मी पहिल्यांदा ऐकलं १९७८ च्या ऑगस्टात. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आन मराठवाडा पेटला. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. वस्त्या जळाल्या. शहाणे म्हणत, दोन समाजांतला तणाव. तणाव! एकाच्या हातात रॉकेल, दुसऱ्याचं कुडाचं घर.

१९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला, ते चालणारेही बाहेरचेच की. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' शब्द ठेवून.

परवा पोरांनी विचारलं, काका, अर्मेनिया-अझरबैजानात आपण कुणाकडून? मी अडखळलो. १९८८ ला सुमगाईतमध्ये अर्मेनियन मारले गेले. १९९२ ला खोजालीत अझेरी. त्या लढाईत लाखो अझेरी बेघर झाले, आन २०२३ च्या सप्टेंबरात लाखभर अर्मेनियन काराबाख सोडून निघाले. झेंडा बघून बाजू घेतली की कुणाचं तरी मढं झाकावं लागतं. मी म्हणालो, ज्या दिवशी ज्याचं घर जळतं त्या दिवशी त्याच्याकडून.

"म्हणजे दर वेळी बाजू बदलायची?"

बदलायची. पेटवणारा बदलला तर आपण का बदलू नये? पोरगं काही पटल्यासारखं दिसलं नाही.

त्या ऑगस्टात शेजारच्या मुसलमान चाचांनी रात्री आमच्या बायापोरांना घरात घेतलं. विद्यापीठाला नाव कोणतं असावं, ते त्यांनी विचारलं नव्हतं.