आपलीच खिचडी
दर रविवारी एका देशाचा नाश्ता, असं लेकीनं ठरवलंय. मेक्सिकोचा झाला, तुर्कस्तानचा झाला. मध्येच एकादशी आली. म्हणाली, "आज सुट्टी, आपलीच खिचडी."

मी मोजायला बसले. साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पाव खायचा तर शब्दसुद्धा पोर्तुगीज. आणि आपली नान-खलिया? महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्करासोबत आली असं जुनी माणसं सांगतात.

आपल्या शहरात 'आपलं' की 'बाहेरचं' यावरून उठसूट वाद पेटतात. मंडळी, कुणाला बाहेरचं म्हणायच्या आधी एकदा उपवासाच्या ताटात बघा. चार पिढ्या प्रेमानं रांधलं की ते आपलंच होतं. माणसांचंही तसंच असतं.